अक्कांच्या परसातलं अंडं

मला मदत केली ती अक्कांनी. हे आधीच लिहून टाकते. माझी खोड अशी, की महत्त्वाचं मागं ठेवते आणि तेवढ्यात चुलीवरचं काहीतरी उतू जातं. अक्का लातूरला क्लासच्या मुलांची खाणावळ चालवायच्या. मी त्यांच्याकडं नऊ वर्षं स्वयंपाकाला होते. त्यांचं माझं रक्ताचं नातं काहीच नाही. त्या लिंगायत, मी वेगळ्या समाजाची. त्या जन्मल्यापासून लातूरच्या, मी हदगावकडच्या एका खेड्यातून सहावीत शाळा सोडलेली, नवऱ्यानं नांदवलं नाही म्हणून हिंडत हिंडत त्यांच्या दारात पोचलेली. पुण्याच्या दवाखान्यातल्या कागदावर 'रुग्णाशी नातं' असं छापलेलं होतं. त्यापुढं अक्कांनी न विचारता 'बहीण' लिहिलं आणि खाली सही केली.

त्या कागदावर सही लागली ती माझं वजन एकशे अठरा किलो होतं म्हणून. आणि साखर होती. साखर म्हणजे काय हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मायचा उजवा पाय साखरेनं घोट्यापासून काढला होता. त्यानंतर ती दोन वर्षं ओसरीत बसून होती. उन्हं सरकतील तशी सरकायची. मला कामावर उभं राहायचं होतं. उभं राहता येतं तोवर मला भाकर आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. अक्कांच्या ओळखीच्या डॉक्टरांनी पुण्यात सोय लावून दिली. जठराचा मोठा भाग काढला, केळाएवढी पिशवी ठेवली. अक्का आठ दिवस बाहेरच्या बाकावर बसून होत्या, डबा घरचा, पाणी घरचं.

पहिली चार वर्षं बरी गेली. वजन चौऱ्याहत्तरवर आलं, साखरेच्या गोळ्या बंद झाल्या. चार घास भाकरीचे गेले की पोट सांगायचं, बास. पाचवा घास घेतला तर छातीत अडकायचा, मोरीकडं पळावं लागायचं. दरवर्षी श्रावणात, शेवटच्या सोमवारी, पूजा झाली की अक्का मला धान्याच्या काट्यावर उभं करायच्या. खाणावळीत ज्वारीची पोती मोजायचा तोच काटा. "देवापुढं खोटं चालत न्हाई," म्हणायच्या आणि स्वतः वाकून आकडा वाचायच्या.

पाचव्या श्रावणात आकडा अठ्ठ्याहत्तर आला. अक्का म्हणाल्या, "हुतंय जराक." सहाव्या श्रावणात त्र्याऐंशी. त्या वर्षी पाऊसच नव्हता, आभाळ पितळेच्या परातीसारखं. अक्कांनी वाकून आकडा दोनदा वाचला. मग उठल्या आणि काटा भिंतीकडं सरकवला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. ह्या बाईनं माझ्यासाठी बाकावर आठ दिवस काढले आणि मी ते खाऊन टाकायला लागले.

म्हणून मी उपवास धरले. सोमवार अक्कांचा होताच, तो मीही करायचे. त्यात मंगळवार घातला, माहूरच्या रेणुकेचा. गुरुवार दत्ताचा, तोही माहूरचाच. मग शनिवार. दोन्ही एकादश्या. वजन उतरेल आणि देवही बघेल, असा माझा हिशेब. पंगतीला बसलेली पोरं हसायची.

"मावशी, आज कोणता?"

"गुरुवार हाय की रे."

"आठवड्याला वार सात आणि मावशीचे उपास आठ!" एक अहमदपूरचा पोरगा म्हणायचा. "मावशी, एखादा आमच्या परीक्षेच्या नावानं धरा."

अक्कांना कौतुक वाटायचं. जावेला सांगायच्या, "जीव लई निग्रहाचा हाय बाईचा." उपवासाची साबुदाण्याची खिचडी त्या स्वतःच्या हातानं मला करून द्यायच्या, वरून तूप सोडून, दाण्याचा कूट सढळ हातानं घालून.

मला तेव्हा कळलं नाही ते आता सांगते. भाकरी माझ्या पिशवीत जाऊन बसायची, जागा धरायची. साबुदाणा बसायचाच नाही. मऊ, तुपकट, खाली घसरत जायचा, आणि अर्ध्या तासात पिशवी पुन्हा रिकामी. पोट 'बास' म्हणायचंच नाही. मग केळ. मग राजगिऱ्याचा लाडू. मग दाणे. मग साखरेचा चहा, तो तर उपवासाला कितीही चालतो. चार घासांची बाई दिवसभर थोडं थोडं खात होती आणि वर म्हणत होती, आज मी काही खाल्लं नाही. खोटं बोलत नव्हते. मला खरंच तसं वाटायचं. उपवासाचं ते जेवणात धरतात का कुठं?

त्यात दुष्काळ. नळ महिन्यातून एकदा आला तर आला, पुढं तोही बंद झाला. टँकरवर सगळं. पुढं रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेच ते वर्ष. खाणावळीत सत्तर ताटं, आणि घासायला पाणी नाही. अक्कांच्या घरची रीत अशी, की ताटात कण ठेवायचा नाही. जेवण झालं की ताट बोटानं पुसून घ्यायचं, त्यात घोटभर पाणी घालून ते पिऊन टाकायचं. अन्न म्हणजे प्रसाद. मी ती रीत उचलली आणि भांड्यांना लावली. खिचडीचं पातेलं, शिऱ्याची कढई, बोटानं पुसून लख्ख करायची, म्हणजे राखेनं एक हात मारला की झालं, पाणी लागायचं नाही. पातेलं पुसलेलं कुठं जायचं? टाकायचं तर पाप. ते पोटातच जायचं. वर पाणी कमी प्यायचं, पोरांना पुरलं पाहिजे म्हणून. दुपारी घसा कोरडा पडला की मला भूक लागल्यासारखं व्हायचं. तहान कोणती आणि भूक कोणती, तेच कळेनासं झालं होतं.

त्या उन्हाळ्यात गावात बोलणं दोनच गोष्टींचं. एक पाण्याचं, दुसरं उदगीर नवा जिल्हा होणार त्याचं. अक्कांची लेक उदगीरला दिलेली, त्यामुळं आमच्या घरात जास्तच. टँकरच्या रांगेत एक म्हातारी म्हणाली, "जिल्हा नवा झाला तर पाणी बी नवं येतंय का माय?" सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता हातातली घागर सुटली. सकाळी दोन लाडू आणि गोड चहा झाला होता. अंगाला दरदरून घाम आला, पुढचं आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा दवाखान्यात होते आणि अक्का उशाशी. डॉक्टर तरुण होते. उपवासांनी वजन ऐंशीच्या आत आलं असेल अशी माझी समजूत. काटा शहाण्णव म्हणाला. रक्तात साखर परत आली होती. गोड खाल्लं की झपकन चढते आणि तशीच झपकन उतरते, आज ती उतरली म्हणून चक्कर, असं डॉक्टर म्हणाले. मी पायाकडं बघितलं. पाय जागेवर होता.

"मावशी, दिवसभरात काय काय खाता?"

"काही नाही साहेब. आज उपवास आहे."

"आणि काल?"

"कालही होता."

"बरं. उपवासाला काय खाता?"

मी सांगत गेले. खिचडी, केळ, लाडू, दाणे, चहा, पातेल्याचं पुसलेलं. त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवला. ते रागावले नाहीत. म्हणाले, ऑपरेशन झालं म्हणजे आयुष्यभराचं झालं असं नाही, सहा-सात वर्षांनी पुष्कळांचं थोडं वाढतं, त्यात लाज नाही. पण मऊ आणि गोड सोडा. आधी डाळ, दही, सोयाबीन, असलं जागा धरणारं खा. भाकरी नंतर. जेवताना पाणी नको, जेवणानंतर अर्ध्या तासानं, पण दिवसभर घोट घोट प्यायचंच.

अक्कांचा चेहरा उतरला होता. "म्हंजे साहेब, उपासानं वाढलं? माझ्या हातच्या खिचडीनं?"

"खिचडी वाईट नाही आजी. ह्यांच्या पोटाला नाही चालत."

डाळीचा भाव त्या वर्षी आभाळाला टेकला होता. खाणावळीचं वरण इतकं पातळ, की पोरं ताटात तोंड बघायची. दूधवाल्यानं गुरं विकली होती. डॉक्टरांना हे सगळं माहीत असावं. त्यांनी विचारलं, "अंडी चालतात का?"

मी लगेच मान हलवली. मला चालत होती, लहानपणी खाल्लेली. पण अक्कांच्या उंबऱ्याच्या आत अंडं कधी आलं नव्हतं. गळ्यात इष्टलिंग बांधलेली बाई ती. खाणावळीच्या पाटीवरसुद्धा 'शुद्ध शाकाहारी' मोठ्या अक्षरात. मी 'न्हाई' म्हणायला तोंड उघडलं तोवर अक्का म्हणाल्या, "रोज किती?"

"दोन."

"बरं," अक्का म्हणाल्या, आणि पिशवी उचलली.

संध्याकाळी त्या पदराआड काहीतरी घेऊन आल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेली सहा अंडी. दुकानदारानं काही विचारलं का, मी म्हटलं. "इचारला की. म्हणला, अक्का, ही कुणाला? म्हणलं, माझ्या भैनीला." मग मला विचारू लागल्या, "किती येळ उकडावं लागतंय? बटाट्यावानी सुरी घालून बघायचं का?" मला हसू आलं आणि लगेच हुंदका आला.

परसात पत्र्याखाली वेगळा स्टोव्ह मांडला. एक लहान जर्मनचं पातेलं घेतलं, त्याच्या कानाला लाल दोरा बांधला, म्हणजे चुकून आत जायला नको. मी बसायचे आणि अक्का चार हात लांब, पदर नाकाला लावून. वासानं त्यांना मळमळायचं. पण उठायच्या नाहीत, कारण मी भराभर खाते हे त्यांना माहीत होतं. "चाव. गिळू नगं." आणि बोटांच्या पेरांवर मोजायच्या, पूजेत नामस्मरण मोजायच्या तसं. एका घासाला वीस पेरं. वीस झाल्याशिवाय दुसरा घास नाही.

हे झाकून राहणारं नव्हतं. जाऊ एक दिवस परसात डोकावून म्हणाली, "अक्का, अंडी तर आली. कोंबडी कवा आणलालाव?"

"कोंबडीला पाणी कुठलं पाजू?" अक्का म्हणाल्या. "नळ येऊ द्या की, मग आणते."

जाऊ हसली. पण बोलणं पसरलं. अक्कांकडं दर सोमवारी मठातले एक स्वामी प्रसादाला यायचे, अक्कांच्या सासूच्या काळापासूनची रीत. त्या सोमवारी आले नाहीत. अक्कांनी पाट मांडला, ताट वाढलं, दारात उभ्या राहिल्या. ऊन उंबऱ्यावरून आत आलं आणि पाटापर्यंत पोचलं. मग त्यांनी ते ताट स्वतः घेतलं, खाल्लं, बोटानं पुसलं, पाणी घालून प्याल्या. पुढच्या सोमवारीही तेच. तिसऱ्या सोमवारी त्यांनी पाट मांडला नाही.

मी म्हटलं, "अक्का, उद्यापासून अंडं बंद. माझ्यामुळं तुमच्या देवाचं..."

"गप. स्वामीला जेवाया शंभर घरं हायत. तुला कोणतं हाय?"

मी लाल दोऱ्याचं पातेलं राखेनं घासायला घेतलं.

जूनपर्यंत वजन एक्क्याण्णव झालं. पण खाणावळ त्याआधीच संपली होती. पाणी नाही म्हणून क्लासवाल्यांनी सुट्ट्या लवकर दिल्या, पोरं गेली, आणि पाऊस पडल्यावर त्यातली निम्मीच परतली. ती दुसरीकडं जेवायला लागली. अंड्यामुळं का दुसऱ्या कशामुळं, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही. अक्कांनी पातेली विकली, काटाही विकला, आणि उदगीरला लेकीकडं गेल्या. मला पुण्याला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये लावून दिलं, तेही त्यांनीच. जाताना लाल दोऱ्याचं पातेलं माझ्या पिशवीत होतं.

इथं मला कुणी ओळखत नाही. वजन सत्त्याऐंशी आहे. चौऱ्याहत्तर परत दिसेल असं वाटत नाही. सकाळी एक गोळी घ्यावी लागते, पण सुई नाही. रोज आंघोळीनंतर दोन्ही तळपाय आरशात बघते, कुठं चीर आहे का, काळं पडलंय का. अंगठ्याला मुंगी आल्यासारखं झालं की दिवसभर दुसरं काही सुचत नाही. उपवास सोडले. देवीला सांगितलं, माझं पोट कापलेलं आहे, तू समजून घे. पातेली पुसत नाही, पाणी सोडून धुते, आणि प्रत्येक वेळी अक्का बघत असल्यासारखं चोरट्यासारखं वाटतं.

मागच्या वर्षी अक्कांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. गिळताना ठसका लागतो, म्हणून सगळं मऊ करून भरवावं लागतं. लेकीला घरचं आहे, सासू आहे, दोन पोरं आहेत. "मावशी, लई येळ लागतंय गं एका वाटीला," ती फोनवर म्हणाली. वाईट बोलली नाही. दमलेली होती. मी म्हटलं, फोन कानाला लाव त्यांच्या. मग अक्का जड जिभेनं एवढंच म्हणाल्या, "चावलीस का?"

कँटीनवाले दिवाळीशिवाय सोडत नाहीत, आणि सोडलेली जागा परत देत नाहीत. पण अक्का, मी येणार आहे. आज सांगता येत नाही कधी, पण येणार. माझे पाय चालतात ते तुमचे आहेत, त्याच पायांनी येणार. तुमच्यासमोर बसेन, चार हात लांब नाही, जवळ. खिचडी तुमच्या पद्धतीनं, वरून तूप सोडून, मऊ. एका घासाला वीस पेरं मोजेन, वाटीला दुपार लागली तरी चालेल. तुमच्या घरी मी जेवले ते असंच एकदा फेडीन.