भिवाजी भाऊजींचा उजवा हात

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पोटच्या पोराला भर अंगणात थोबाडीत मारली ती १९७४ सालच्या वैशाख पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. पोरगा काही लहान नव्हता. भिवाजी भाऊजी, माझे धाकटे दीर, तेव्हा पस्तिशीचे. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात कामाला होते, सणासाठी बायकोला घेऊन गावी आले होते. तिथं काय काम करतात ते त्यांनी बापाला सांगितलं, आणि चपराक अशी बसली की ओठ फुटला आणि पांढऱ्या सदऱ्यावर रक्त सांडलं.

"जे म्या हिरीत फेकलं ते तू उचलून राह्यला? तेही पगार घेऊन?" मामाजी ओरडले.

काय फेकलं होतं ते सांगते. दीक्षेच्या आधी गावचं मेलेलं ढोर ओढणं आमच्याच वस्तीवर होतं. मामाजी, पुंजाजी त्यांचं नाव, त्या कामात असे तरबेज की कातड्याला ओरखडा येत नसे. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन परतले आणि दोरखंड, सुरी दोन्ही पडक्या विहिरीत टाकून दिलं. त्यावर वस्तीनं गावाचा मार खाल्ला, कडब्याच्या गंज्या जळल्या, पीठगिरणी आम्हाला बंद झाली. पण पुन्हा कोणी ढोराला हात लावला नाही. भाऊजी तेव्हा सतरा वर्षांचे, आणि तोवर सुरी धरणं बापाकडून शिकून चुकले होते.

नागपुरात ते आधी फरशी पुसत. तिथले एक डॉक्टर माणसाच्या हृदयासाठी झडप बनवत होते. हृदयात रक्ताला एकाच बाजूनं जाऊ देणारे पातळ पडदे असतात. सांध्यांचा ताप येऊन गेलेल्या पोरांचे ते आखडतात, पोर चार पावलं चाललं की धापा टाकतं. बाहेरदेशाची धातूची झडप बसवली तर रक्त पातळ ठेवायचं औषध जन्मभर. डॉक्टरांचं म्हणणं वेगळं. जनावराच्या हृदयाभोवती एक चिवट पिशवी असते. ती औषधात मुरवायची आणि निसर्गानं केल्यात तशाच तीन पाकळ्या तिच्यातून शिवायच्या. अडचण एकच, कत्तलखान्यातून पिशवी यायची ती फाटूनच.

"साहेब, मी काढून देऊ काय?" असं भाऊजींनी एकदा विचारलं, आणि रेड्याची पिशवी सबंध काढून दिली. त्या दिवसापासून फरशी सुटली. रोज पहाटे कत्तलखाना. तिथला रऊफ कसाई म्हणायचा, "भिवाजी, दिल तू ले जा, गोश्त हमकू छोड!"

भाऊजींची लेक रुख्मिणी त्याच आजारानं गेली. अकरा वर्षांची. ओठ निळे पडलेले, आडवं होता येईना, आईच्या मांडीवर बसल्या बसल्या श्वास संपला. म्हणून हा माणूस रोज रक्तात हात घालत होता.

पंचशील म्हटल्याशिवाय मी चूल पेटवत नाही. माझ्या मनाला ते काम रुचेना. मी विचारलंच, "भाऊजी, पह्यलं शील काय सांगते?"

"वहिनी, मी मारत नाही. मेल्यावर हात लावतो. अन् तोही माह्या मर्जीनं."

मर्जी कशी असते ते पाटलाच्या घरी कोणाला ठाऊक नव्हतं. केशरबाई, भाऊजींची बायको, नदीवर धुणं धुताना कौतुकानं बोलून गेली, "आमचे हे ढोराच्या काळजातून माणसाचं काळीज जोडतात." तिला वाटलं, बाया नावाजतील. गोष्ट संध्याकाळपर्यंत पाटलाच्या ओट्यावर पोचली, आणि पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले नाहीत तर पाटलाचा बैल मेला.

भर दुपारी पाटलाचा थोरला, शेषराव, चार गडी घेऊन आमच्या अंगणात आला. हातांत कुऱ्हाडीचे दांडे, एकाच्या खांद्यावर दोरखंड. आमचे हे रिसोडच्या बाजाराला गेलेले.

"काहून बे भिवाजी, नागपुरात रेडे फाडतं, अन् आमचा बैल जड झाला काय?"

"तिथं मी नोकरी करतो, शेषराव."

"शेषराव? पाटील म्हन!" पहिला दांडा कानामागं बसला. भाऊजी गुडघ्यावर आले. दुसरा पाठीत. तोंडातून रक्ताबरोबर दात पडला. तरी ते उठले.

"आज म्या दोरी धरली, तं उद्या साऱ्या वस्तीले धरा लागीन. नाही धरत."

"मंग हात तरी कायले पाह्यजे? दोरी उचल, नाहीतं हात ठेव इथं." शेषरावनं दांडा दगडी उखळावर आपटला.

हात गेला म्हणजे काम गेलं, हे भाऊजींना कळत नव्हतं असं नाही. त्यांनी दोरीकडे पाहिलं, आणि आपण होऊन उजवा हात उखळाच्या काठावर ठेवला.

शेषराव थबकला. "काढ हात."

"तूच म्हनला ना, ठेव."

गडी हसले. त्या हसण्यानंच घात केला. कपाशीची वाळली पऱ्हाटी मोडल्यासारखा आवाज झाला. पुन्हा झाला. पुन्हा. केशरबाईनं शेषरावच्या मनगटाचा लचका तोडला. गड्यांनी तिला केसांना धरून फरफटत नेलं. चुलीवर आधण उकळत होतं, ते मी भांड्यासकट फेकलं. एका गड्याची पोटरी सोलून निघाली. पंचशील घेणाऱ्या बाईनं हे केलं, ते झाकून ठेवत नाही.

ओरडा ऐकून मामाजी आले. ज्या पोराला मारलं, त्याच्या अंगावर आडवे झाले. "फाडनं यानं माह्यापासून शिकलं. माहे मोडा हात!" तोवर वस्ती गोळा झाली, बायांच्या पदरात दगड होते. शेषराव मागं सरत निघून गेला.

बैल तीन दिवस गोठ्यात फुगत पडला. आमच्यातलं कोणी गेलं नाही. शेवटी शेषराव आणि त्याच्या भावानं नाकाला फडकं बांधून तो ओढला. वाटेत पोट फुटलं, शेषराव तिथंच ओकला.

नागपुरात हाडं बसवली, पण तीन बोटं वाकली नाहीत ती नाहीतच. मामाजी सोबत गेले होते. पुढचं भाऊजींनी मला सांगितलेलं. पट्टी सुटल्यावर भाऊजी डॉक्टरांना म्हणाले, "चाकू तुमी घ्या साहेब. मी सांगतो."

डॉक्टरांनी आजवर स्वच्छ टेबलावर माणसं कापलेली. त्या पहाटे ते कत्तलखान्याच्या चिखलात उकिडवे बसले. कोपरापर्यंत रक्त. भाऊजी सांगत होते, तरी पहिली पिशवी फाटली. दुसरीही फाटली. रऊफ तोंड फिरवून हसला.

मामाजी दारात उभे. दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरलेले, नजर बाहेर. तिसऱ्या वेळी त्यांच्यानं राहवेना.

"ओ साहेब, वढू नका! आधी बोट घाला, चाकू मंगच. भिवाजी, तूही काय सांगून राह्यला? वरून नाही बे, मुळापासून!"

तिसरी सबंध निघाली. तिची झडप एका मेंढीच्या हृदयात अकरा दिवस चालली, मग कडक झाली. डॉक्टरांनी पुन्हा पिशवी काढायला घेतली. मामाजी आणखी महिनाभर तिथंच राहिले. एकाही जनावराला त्यांनी हात लावला नाही, आणि एक दिवसही ते गप्प बसले नाहीत.