चेंबरपर्यंतची हद्द

माणसाला साडू कसाही मिळावा. बढाईखोर मिळावा, चहाबाज मिळावा, रविवारी सकाळीच येऊन ठाण मांडणारा मिळावा. पण पालिकेच्या ड्रेनेज खात्यात इन्स्पेक्टर असलेला साडू शत्रूलाही मिळू नये. मला मिळाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. नाशकात राहून त्यांनी गोदावरीपेक्षा जमिनीखालून वाहणाऱ्या पाण्यावर जास्त प्रेम केलं, आणि आमच्या डोक्याला आयुष्यभराचा ताप दिला. त्यांच्यासमोर शब्द जपून वापरावा लागे. उघडं वाहतं ते गटार, आणि त्यातून जायचं ते फक्त पावसाचं पाणी. जमिनीखालून झाकून जाते ती मलवाहिनी. घरात असते ती मोरी, आणि मोरी मलवाहिनीला मिळते ती जोडणी. कुणी चुकून त्यांना 'गटार-इन्स्पेक्टर' म्हटलं की त्या माणसाची पुढची संध्याकाळ गेलीच म्हणून समजावं. सासऱ्यांच्या एकसष्टीच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्यानं हा अपराध केला. साडूंनी शांतपणे त्याचा द्रोण पुढं ओढला, त्यातल्या कढीत वाटीभर वरण ओतलं, आणि द्रोण भरून पानावर ओघळ आल्यावर म्हणाले की पावसाचं आणि मोरीचं पाणी एका नळीत सोडलं की शहराचं हे असं होतं. पाहुण्याच्या पानातली जिलबी त्यात वाहून गेली. वाढप्यांना हसू आवरेना आणि मला मान वर करवेना.

गंगापूर रोडच्या बाजूला मी दोन खोल्या बांधल्या तेव्हा वाटलं होतं, निदान जोडणीची काळजी नाही, घरचाच माणूस आहे. त्या घरच्या माणसानं गच्चीची पन्हाळ मी मलवाहिनीच्या चेंबरमध्ये सोडली आहे या कारणावरून माझी जोडणी अडवून धरली. बायको काकुळतीला येऊन "दाजी, अहो आपलंच घर," म्हणाली, तर आपलं आहे म्हणूनच, असं उत्तर मिळालं. पन्हाळ काढून दुसरीकडं वळवली तेव्हा कुठं आमच्या मोरीला शहराशी नातं जोडता आलं.

पण कढी आणि पन्हाळ परवडली. खरा उच्छाद होता तो हद्दीचा. रस्त्याच्या कडेला प्रत्येक घरापुढं झाकणाचा एक चौकोनी चेंबर असतो. चेंबरपर्यंतची नळी घरमालकाची, चेंबरच्या पुढची पालिकेची, असा नियम. ऐन पाडव्याला आमची मोरी तुंबली. ते फराळाला आलेच होते. शर्टाच्या बाह्या सरसावून त्यांनी चेंबरचं झाकण उघडलं, आत वाकून पाहिलं. चेंबर कोरडा होता. माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी मात्र झाकण पुन्हा बसवलं, हात धुतले आणि सांगितलं, "पाणी इथवर पोचलंच नाही, म्हणजे तुंबलंय तुमच्या हद्दीत. चेंबरपर्यंत घरमालकाचं, पुढचं आमचं." एवढं बोलून दोन चकल्या खाल्ल्या आणि निघून गेले. मी नवा सदरा काढून बांबूच्या कामट्या शोधत गल्लीभर हिंडलो. त्या दिवशी मी त्यांना जे जे बोललो, ते सुदैवानं फक्त बायकोनं ऐकलं.

हा नियम त्यांनी नळीपुरता ठेवला असता तरी चाललं असतं. त्यांना तो सगळीकडं सापडायचा. शेजारच्यांचं भांडण चेंबरच्या पुढचं, सबब ऐकायचंसुद्धा नाही. घरी आलेल्या पाहुण्यालाही ते फाटकाबाहेरच्या चेंबरच्या झाकणापर्यंतच सोडायला जायचे, त्यापुढं पाऊल नाही. आणि त्यांची एकुलती एक लेक कुंदा सायखेड्याला दिली, तेव्हा पाठवणीला सगळा मांडव रडत असताना हे गृहस्थ व्याह्यांना म्हणाले, "इथपर्यंत आमची हद्द. आता पुढची लाइन तुमची." वऱ्हाडी हसले. ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पुढं बरेच दिवस त्यांना हाक मारली नाही.

कुंदाची बी. ए.ची शेवटची परीक्षा राहिली होती. तिला पाठवायचं, असं बैठकीत व्याह्यांनी कबूल केलं होतं. पण परीक्षा येते नेमकी उन्हाळ कांद्याच्या काढणीत. पहिल्या वर्षी कांदा निघाला आणि परीक्षा राहिली. दुसऱ्या वर्षीही तेच होणार असं दिसू लागलं. कुंदा माहेरी आली आणि पुस्तकं पिशवीतून काढून कपाटात परत ठेवून गेली. पोरीला शिक्षिका व्हायचं होतं, दुसरं काही नको होतं. ताई रडत आमच्याकडं आल्या. मी तडक त्यांच्या घरी गेलो. साडू झोपाळ्यावर बसले होते. मी बोलतच राहिलो, ते ऐकतच राहिले आणि शेवटी म्हणाले की लेकीच्या सासरी ढवळाढवळ करणं आपल्या हद्दीत येत नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, "बरं. मग पुढची लाइन तुंबली की पाणी मागं फिरून कुणाच्या मोरीत येतं?"

झोपाळा थांबला.  इतक्या वर्षांत मी त्यांचा नियम पहिल्यांदाच नीट वापरला होता.  आतून ताईंच्या भांड्यांचा आवाज येत होता, तोही थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते मला घेऊन सायखेड्याला निघाले.  व्याही ओट्यावर बसले होते. त्यांनी पाणी दिलं आणि अचानक येण्याचं कारण विचारलं, तर साडू म्हणाले, तपासणीला आलोय. मी कपाळाला हात लावला. मग त्यांनी चपला काढल्या, शर्टाच्या बाह्या पाडव्याच्या दिवशीसारख्याच सरसावल्या आणि व्याह्यांना हात जोडले.

"लग्नात मी नियम चुकीचा सांगितला. जोडणी दिली की आपलं काम संपलं, असं नसतं. पोरीला परीक्षेला जाऊ द्या. तिच्या वाट्याचे कांदे मी कापतो, रजा काढून आलोय."

व्याही चपापले. "तुमी कांदे कापनार? आवो इवाई, गावात तोंड दाखवायची सोय ऱ्हाईल का मला?" मग आत वळून म्हणाले, "सूनबाई, पिशवी भर. कांदा काय, निघल."

दारामागं उभी असलेली कुंदा पदरानं डोळे पुसत होती. आणि खोटं कशाला बोलू, मीही पुसत होतो. साडू मात्र खरंच राहिले. परीक्षा संपेपर्यंत ते व्याह्यांच्या शेतात बायकांच्या रांगेत बसून कांद्याची पात कापत होते, निम्मे कांदे वाया घालवत होते आणि पाटाला उतार पुरेसा नाही म्हणून सगळ्या गावाचं डोकं उठवत होते. व्याह्यांनी नंतर मला गाठून विनवलं, की पुढं बी. एड.ची परीक्षा असली तर पोरीला महिनाभर आधीच पाठवतो, पण इवायांना आवरा.

त्यानंतर कुंदा माहेरी आली की साडू तिला सोडायला झाकणापाशी थांबत नसत. थेट स्टँडवर जात, आणि कधी कधी तिच्याबरोबर गाडीतही चढत. विचारलं तर म्हणत, तपासणी.

आता ते नाहीत. आमची मोरी अजून अधूनमधून तुंबते, आणि मी अजून त्यांच्याच नावानं बोटं मोडतो. सायखेड्याहून येऊन कुंदा शिकवते ती शाळा आमच्या घरापासून जवळच आहे. सुटली की ती येते, मावशीच्या हातचा चहा घेते. निघताना फाटकाबाहेरच्या झाकणापाशी तिचा पाय जरासा अडखळतो आणि ती माझ्याकडं बघते.  मी तिच्या हातातली वह्यांची पिशवी घेतो आणि झाकण ओलांडून पुढं चालू लागतो.