माझ्या नावापुढचं शून्य

“वळ. भिंतीकडं तोंड कर.”

मी वळायचो. पाठीमागं साहेब एका बोटानं पासवर्ड टाकायचे. टक्. टक्. बाकीचे कारकून तिथंच उभे, की-बोर्डवर वाकून. त्यांना कुणी वळवत नव्हतं. भिंत एकट्या माझ्यासाठी. बौद्धवस्तीतनं आलेल्यासाठी.

लातूर जिल्हा नवा, कचेरी नवी, कॉम्प्युटर त्याहून नवा. तो चालवणारी युनिक्स प्रणाली शिकून आलेला मी एकटा. साहेबांना काय येत होतं? मशीनला उदबत्ती ओवाळणं. पण झकास ओवाळायचे हं! पासवर्ड मात्र त्यांच्याकडं. तो टाकून ते खुर्चीत बसायचे. मी उभ्यानं काम करायचो, ते माझ्या बोटांवर पहारा द्यायचे.

युनिक्समध्ये प्रत्येक खात्याला नंबर असतो. माझा एकशे सात. सगळ्यांचा मालक रूट. त्याचा नंबर शून्य, साहेबांकडचा पासवर्ड त्याचाच. ज्याच्या नावापुढं शून्य लिहाल, तो रूटच्या बरोबरीचा. काय गंमत बघा, शून्यच राजा!

दुष्काळ पडला. पाण्याचा टँकर कुठं जाणार त्याची यादी मशीनमध्ये, रोज छापून निघायची. एका सकाळी बघतो, तर जळकोटकडच्या माझ्या गावातली आमच्या वस्तीची ओळ गायब. टँकर गावच्या विहिरीत रिकामा होणार. तिथं आमच्या बायांना घागर कोण बुडवू देणार? माझी माय पाण्यासाठी रानातल्या झऱ्यावर जाऊन राहिली होती.

“साहेब, वस्तीची ओळ कुणी काढली?”

“सरकारनं नोकरी दिली तुम्हाला. आता यादी पण तुम्हीच करणार? वळ.”

मी वळलो. शेवटचं.

चार दिवसांनी मंत्री येणार होते. त्या सकाळी यादी टेबलावर पाहिजे, आणि ऐन वेळी छपाई अडकली. साहेबांनी प्रिंटरला चापट मारली, वायर हलवली, उदबत्ती लावली. प्रिंटर ढिम्म! शेवटी मला हाक आली.

“लवकर. वळ, पासवर्ड टाकतो.”

“न्हाई वळणार.”

कारकुनांनी माना वर केल्या.

“काय म्हणालास?”

“माझ्या नावापुढं शून्य लिहा. तुमच्या हातानं, सगळ्यांसमोर. मगच हात लावीन.”

त्यांची नजर चुकवून मीच ते कधीही लिहू शकलो असतो. पण चोरून नको होतं. त्यांच्याच बोटानं पाहिजे होतं.

“घरी बसवीन तुला!”

“बसवा. मंत्र्याला यादी तोंडी सांगा.”

बाहेर मंत्र्याच्या गाड्या लागल्या. साहेबांचा चेहरा उतरला. पासवर्ड टाकला, मी उघड्या डोळ्यांनी बघत राहिलो. मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. एकशे सात खोडला. शून्य. काय सांगू, अंगावर मूठभर मांस चढलं!

मी खुर्ची ओढली. बसलो. आधी वस्तीची ओळ घातली, मग अडकलेली छपाई सोडवली. यादी निघाली. मग रूटचा पासवर्ड बदलला आणि साहेबांना नवं खातं काढून दिलं. नंबर एकशे आठ. यादी वाचता येईल, बदलता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब टेबलापाशी आले. उभेच राहिले. मी बसा म्हणालो नाही.

“अरे बाबा, माझा हक्क तेवढा परत दे की.”

“अर्ज द्या.”

दिला बिचाऱ्यांनी, सुवाच्य अक्षरात. मी वाचला आणि त्याच्यावर लिहिलं: नामंजूर. दर महिन्याला या म्हणालो. दर महिन्याला हेच लिहीन.