मनूला बाप दाखवायला न्यूझीलंडला

आमच्या शिवणकेंद्रात गोष्टी सांगायला कोणी वेगळा वेळ काढत नाही. मशीन चालू असलं की काही ऐकू येत नाही, म्हणून जिला काही सांगायचं असेल ती पाय थांबवते. एकीचं मशीन थांबलं की बाकीच्यांचीही थांबतात. अशा थांबण्यातून वीस वर्षांत किती गोष्टी जमल्या ते सांगता येणार नाही, पण सगळ्यात जास्त जमल्या त्या माझ्या नातीच्या परदेशवारीच्या. नात आता शाळेत जाते. तरी नवी बाई कामाला लागली की विमल तिला आधी ह्या गोष्टी ऐकवते आणि मग काजं करायला शिकवते.

आधी माणसं सांगते. केंद्र अमरावतीत, पाच मशीनचं. कापड कापण्याचं काम नसीम आपांचं. त्यांची कात्री एकदा चालली की मागे येत नाही. काजं, बटणं, हातशिलाई विमलची. ती चांदूर रेल्वेजवळच्या खेड्यातली, रोज गाडीनं येते-जाते आणि मनात काही ठेवत नाही. मी शाळेचे गणवेश शिवते. माझी मुलगी वैशाली अकोल्याला दिलेली, जावई विनोदराव कृषी खात्यात. त्यांची मुलगी मनू तेव्हा पाच महिन्यांची होती.

ती वर्षं आपल्या वऱ्हाडात फार वाईट होती, शेतकरी जीव देत होते. खेड्यात कोणाच्या घरी काय झालं, मागे कोण राहिलं, हे जाऊन विचारायचं आणि लिहून वर पाठवायचं, हे काम विनोदरावांकडे होतं. सकाळी मनू उठायच्या आत ते निघायचे, ती झोपल्यावर यायचे. जेवायचे, पण बोलायचे नाहीत. सुटीच्या दिवशी मनूला उचललं की ती परक्या माणसानं उचलल्यासारखी रडायची.

त्यांची थोरली बहीण न्यूझीलंडला असते. तिनं फोनवर सांगितलं, तीन आठवड्यांसाठी तिघंही इकडे या, तिकिटं मी काढते.

वैशालीनं हे मला केंद्रातच सांगितलं. मी म्हटलं, अगं, एवढ्याशा लेकराला घेऊन एवढ्या लांब फिरायला?

ती म्हणाली, "फिरायला नाही आई. मनूला बाप दाखवायला चालले."

पाचही मशीनं थांबली होती.

*

विमानाबद्दल आमच्यात कोणालाच काही माहीत नव्हतं. फक्त नसीम आपांच्या सासूबाई हजला जाऊन आल्या होत्या. आपा स्वतः कधी विमानात बसल्या नव्हत्या, पण सासूबाईंनी आल्यावर महिनाभर दुसरं काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे आपांना सगळं पाठ होतं. पट्टा कसा बांधतात, पाणी कोणाला मागायचं, संडासाचं दार कोणत्या बाजूला सरकतं, सगळं.

वैशाली वही घेऊन आपांसमोर बसायची आणि लिहून घ्यायची.

एकदा आपा म्हणाल्या, "बेटा, इमान वर चढते तवा न खाली उतरते तवा पोरीले दूध पाजजो. गिळत राहिली की कान दुखत नाही."

वैशालीनं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, अगदी बरोबर, तुम्हाला कोणी सांगितलं? वैशालीनं सांगितलं, आमच्या कटिंगवाल्या आपांनी.

तेव्हापासून आपांचा भाव वाढला. ब्लाउज शिवायला आलेल्या बायकांनाही त्या विमानाची माहिती द्यायला लागल्या.

*

पासपोर्टला मनूचा फोटो हवा होता. आता शिवणकेंद्रातल्या नातीचा सरकारी फोटो, म्हणजे जुना झबला घालून कसा काढायचा? आम्ही तिघींनी मिळून फ्रॉक शिवला. पांढरंशुभ्र पॉपलीन, गळ्याला पांढरी लेस, पांढऱ्याच बाह्या फुगीर. विमलनं बटणंसुद्धा पांढरी शोधून आणली. फोटोवाल्यानं पांढऱ्या चादरीवर मनूला निजवलं आणि वरून फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. चादर पांढरी, फ्रॉक पांढरा. मधोमध नुसतं मनूचं डोकं, दोन मुठी आणि टकाटका बघणारे डोळे. बाकी मनू कुठंच नाही.

विमलनं फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. म्हणाली, "बाकीची पोरगी अकोल्यातच ठेवून जाता काय?"

मग खणाच्या उरलेल्या तुकड्यातून निळा झबला शिवला. अर्ध्या तासात झाला. त्याच झबल्यावर मनूला पासपोर्ट मिळाला. पांढरा फ्रॉक आजही माझ्या पेटीत आहे. एकदाच घातलेला, आणि तेव्हाही न दिसलेला!

*

सगळा प्रवास मिळून तीस तासांच्या वर होता. विमल म्हणाली, आधी सराव करा. अकोल्याहून अमरावतीला एष्टीनं या आणि पोरगी काय करते ते पाहा.

वैशाली मनूला घेऊन एकटीच निघाली. बरोबर दुधाची बाटली, दोन खुळखुळे, चार कपडे आणि घामेजलेलं तोंड. इकडे आम्ही घड्याळ पाहत बसलो.

मनू पूर्ण रस्ता झोपली. रस्त्याला तेव्हा इतके खड्डे होते की गाडी पाळण्यासारखी हलत होती. फक्त गाडी मूर्तिजापूरच्या स्टँडवर थांबली, तशी ती जागी झाली आणि तिनं जो सूर लावला, तो गाडी सुटेपर्यंत. बडनेऱ्याला गाडी थांबली, पुन्हा तेच. शेवटी कंडक्टरच ड्रायव्हरला म्हणाला, थांबू नको बाबा, घे पुढं.

वैशालीचं तोंड उतरलं होतं. विमान हललंच नाही तर काय करायचं, हा तिचा प्रश्न. आपांनी कात्री खाली ठेवली, विचार केला आणि विचारलं, "इमान मूर्तिजापूरले थांबते काय?"

नाही म्हणाली वैशाली.

"मंग काहून रडून राहिली?"

*

विमान कंपनीनं फोनवर सांगितलं की भिंतीला अडकवायचा छोटा पाळणा मिळेल, पण बाळ त्यात मावलं पाहिजे. लांबी अठ्ठावीस इंच.

आपल्या घरात असं काही कळलं तर लोक अंदाज करतात. आमच्यात अंदाज चालत नाही. आपांनी खाकी कागदावर पाळण्याचा खाका काढला, कापला आणि कटिंगच्या टेबलावर चिकटवला. वैशाली दर पंधरा दिवसांनी यायची तेव्हा मनूला त्या कागदावर निजवायचं, पाय सरळ करायचे आणि टेप लावायचा. मनूला वाटायचं हा खेळ आहे. ती पाय झाडायची, की मोजमाप चुकायचं.

पहिल्यांदा तीन बोटं जागा उरली. मग दोन. जायला महिना राहिला तेव्हा एक बोट.

आमच्या कामात उलटी सवय असते. लहान मुलांचं काही शिवलं की आपण वाढत्या अंगाचं शिवतो, आतून दाब सोडतो, पुढच्या वर्षी उसवून मोठं करता येतं. इथं पाळणा तेवढाच राहणार आणि पोरगी वाढणार. विमल रोज विचारायची, कंपनीवाल्यांनी पाळण्याले दाब ठेवला नसन काय?

शेवटच्या मापाला मनूची टाच कागदाच्या रेघेवर आली. आपांनी टेप गुंडाळला आणि मनूला उचलून सांगितलं, "बस झालं आता. आल्यावर वाढजो."

*

हे सगळं चाललं होतं, पण विनोदरावांची सुटी काही मंजूर होत नव्हती. एकदा अर्ज दिला तेव्हा वरून पथक येणार होतं. दुसऱ्यांदा दिला तेव्हा पुन्हा पंचनामे निघाले. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, द्या, करतो मंजूर. तर विनोदरावांनी अर्जच दिला नाही.

एका शनिवारी ते वैशालीला आणि मनूला न्यायला केंद्रात आले. स्टुलावर बसले आणि मला म्हणाले, "आई, ह्या दोघी जातील. माझं नका धरू."

ते सांगत राहिले. गावागावात लोक काय सोसून राहिले ते रोज पाहतो, आणि मी बर्फाचे डोंगर पाहायला जाऊ? कोणत्या तोंडानं परत त्या गावात जायचं? वैशाली खाली मान घालून ऐकत होती. तिनं ते बोलणं घरी आधी ऐकलेलं असावं.

बोलताबोलता त्यांनी मनूला घ्यायला हात पुढे केले. मनूनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ओठ काढून रडायला लागली. त्यांनी हात मागे घेतले.

जावयाला कोणी काही बोलायचं नसतं, ही आमच्याकडची रीत. पण विमलनं सुईतला दोरा तोडला आणि ती बोलली.

"जवाईबापू, मी तशाच गावातली हाय. तुमी गेल्यानं आमचं दुःख वाढत नाही, न तुमी थांबल्यानं कमी होत नाही. तुमी आमच्यासारख्यायच्या दारात येऊन बसता, इचारता, ते आमी इसरत नाही. सारा तालुका तुमाले ओळखते. हे एकटी ओळखत नाही."

तिनं मनूकडे बोट दाखवलं आणि पुन्हा बटण लावायला घेतलं.

मी विनोदरावांना चहा दिला, तो त्यांनी गार करून घेतला. जाताना फक्त एवढं विचारलं की वैशाली, तुझ्याकडे कोरा कागद आहे का. तिनं वहीतला फाडून दिला. त्याच्या मागच्या बाजूला संडासाचं दार कोणत्या बाजूला सरकतं ते लिहिलेलं होतं. सुटीचा अर्ज त्यावरच गेला.

साहेबांनी तो मंजूर केला. त्या साहेबांना मी कधी पाहिलं नाही, पण सणावाराला त्यांची आठवण काढते.

*

पहिलं विमान मुंबईहून. ते वर चढायला लागलं आणि वैशालीनं मनूला दूध पाजलं. मनू शांत. पण शेजारच्या रांगेत एका गोऱ्या बाईचं बाळ रडून रडून निळं पडत होतं. वैशालीचं इंग्रजी माझ्यासारखंच, शाळेपुरतं. तिनं स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं, मग मनूच्या बाटलीकडे. त्या बाईला कळलं. तिनंही बाळाला पाजलं आणि तेही शांत झालं. ती बाई वैशालीचा हात धरून काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होती. विनोदरावांनी सांगितलं, ती विचारते, तू नर्स आहेस का.

हे फोनवर कळल्यावर मी आपांना सांगितलं. त्यांनी कात्री थांबवली नाही, पण कापड संपल्यावर म्हणाल्या, "अम्मीले सांगतो. त्यायची हज अजून कामी पडून राहिली."

*

आता शेवटची.

न्यूझीलंडमध्ये बाहेरचं बी-बियाणं नेऊ देत नाहीत. बहिणीनं आधीच बजावलं होतं. विनोदराव कृषी खात्यातले, त्यांना ह्याचं महत्त्व आम्ही काय सांगणार? निघायच्या दिवशी त्यांनी सगळ्या बॅगा पुन्हा उघडल्या. मी दिलेला ओवा काढला, मेथीचे लाडू काढले, वेखंडाचा तुकडा काढला, बाळंतशोपा काढल्या. विमानतळावर द्यायच्या कागदावर त्यांनी लिहायचं ठरवलं, बियाणं नाही.

तिथं उतरल्यावर रांगेत उभे होते. वैशालीच्या हातात बॅगा, म्हणून मनू त्यांच्याकडे. ती गाढ झोपलेली होती, म्हणूनच रडली नाही. भिंतीवर मोठा बोर्ड होता, कोणकोणतं बी चालत नाही त्याचा. ते वाचता वाचता त्यांनी मनूच्या डोक्याखालचा हात जरा सरकवला, आणि हाताला दाणे लागले.

मनूची उशी! जन्मली तेव्हा डोकं गोल व्हावं म्हणून आपांनी शिवली होती. आपल्याकडे शिवतातच. आत मोहरी, काठोकाठ. ती बॅगेत नव्हतीच कधी, कायम मनूच्या डोक्याखाली, म्हणून कोणाच्या लक्षात आली नाही.

त्यांनी स्वतःहून पुढे जाऊन तिथल्या बाईला सांगितलं, माझ्याकडे मोहरी आहे. तिनं विचारलं, किती? ते म्हणाले, मुलीच्या डोक्याखाली मावेल एवढी.

बाई भली होती. तिनं उशी घेतली आणि शिवण उसवायला लागली. उसवेना. नखानं नाही, पेनच्या टोकानं नाही. आपांची शिलाई दुहेरी असते. शेवटी आतून कात्री आणावी लागली. मोहरी त्यांनी ठेवून घेतली, रिकामी खोळ घडी करून परत दिली.

रात्र झाली, मनू झोपेना. ते डोकं गोल व्हायचं वय केव्हाच संपलं होतं, पण उशीची सवय राहिली होती. वैशालीनं टॉवेल गुंडाळून पाहिला, चादर गुंडाळून पाहिली. शेवटी थकून मनू विनोदरावांच्या अंगावर टाकली. त्यांनी डावा हात वाकवला आणि तिचं डोकं त्यात ठेवलं.

तीन आठवड्यांनी आल्यावर वैशालीनं कटिंगच्या टेबलावर फोटो पसरले. तळं, बर्फाचे डोंगर, मेंढ्याच मेंढ्या. आपा फोटो एकेक करून पाहत होत्या. त्यांची नजर मापाची. म्हणाल्या, "जवाईबापूचा डावा हात साऱ्या फोटोत वाकडाच काहून हाय?"

वैशाली नुसती हसली.

आपांनी त्याच दिवशी ती रिकामी खोळ मागून घेतली. विमलनं मोहरी निवडली, पाखडली, उन्हात ठेवली. आपांनी भरून शिवली, परत दुहेरी शिलाई.

शनिवारी विनोदराव न्यायला आले. आपांनी उशी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दाबून पाहिली, कानाशी नेऊन हलवून पाहिली. मनू त्यांच्या डाव्या हातावर झोपलेली होती. त्यांनी उशी टेबलावर ठेवली.

"छान झाली, आपा. पण ही आता दुसऱ्या कोण्या लेकराले द्या."