डोक्यावर ठिपके नसलेला पिंगळा

हे मी आजवर कुणापुढे बोललो नाही. बायकोपुढेही नाही. तुमच्यापुढे बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर 'पक्षीवाले सर' म्हणूनच ओळखलं असतं — आणि मग मी पुन्हा तोच सज्जन चेहरा लावून बसलो असतो.

पुसदच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचो. जिल्ह्यातल्या पक्ष्यांवर एक पातळशी पुस्तिका लिहिली आणि तिच्या जिवावर वर्षानुवर्षं मिरवलो. सत्कार, शाली, शाळांमधली भाषणं. पुस्तिकेत एक वाक्य आहे : 'रानपिंगळा आपल्या जिल्ह्यात आढळत नाही.' हे छोटं, दुर्मिळ घुबड मेळघाटात आहे, आपल्याकडे नाही. हे मी कशावरून लिहिलं? मला दिसला नव्हता, यावरून. एवढाच माझा अभ्यास.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका मे महिन्यात नागपूरचे एक डॉक्टर आणि त्यांची बायको आमच्याकडच्या अभयारण्यात आले. कुणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं होतं, म्हणून मी सोबत गेलो. सकाळची फेरी. जिप्सीत आम्ही तिघं, ड्रायव्हर, आणि पुढे गाईड म्हणून सुनीता. सुनीता जवळच्या तांड्यातली, चार-पाच वर्षांपासून गाईडचं काम करणारी. गाईड लोकांच्या शिबिरात मीच तिला शिकवलं होतं. चाळीस जणांत तिचीच वही भरलेली असायची — हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणूनच पुढचं जास्त लाजिरवाणं आहे.

डॉक्टरांना फक्त वाघ हवा होता. मोर दिसला, नीलगाय दिसली, पाणवठ्यावर चितळांचा कळप दिसला. डॉक्टर प्रत्येक वेळी 'बरं, बरं' म्हणायचे आणि घड्याळ बघायचे. असल्या माणसांची मला किळस यायची. आणि तरी त्यांच्यावर छाप पाडायला मी किती धडपडत होतो. मघाशीच त्यांना रानपिंगळ्याची गोष्ट ऐकवली होती — नामशेष झाला असं सगळे समजत होते, मग पुन्हा सापडला, पण आपल्या जिल्ह्यात नाही बरं का. डॉक्टरांच्या बायकोने ते मोबाइलमध्ये टिपूनसुद्धा घेतलं.

नऊच्या सुमारास, ऊन चांगलं चढल्यावर, सुनीताने गाडी थांबवायला सांगितली. सागाची पानं केव्हाच झडली होती. एका उघड्या फांदीच्या टोकावर पिंगळा बसला होता, भर उन्हात, शेपटी एका अंगाला झटकत.

"सर, हा रानपिंगळा होय ना जी? डोक्यावर ठिपके नाहीत, पाहा."

मी दुर्बीण लावली. पाहिलं. तपकिरी, कोरं डोकं. पांढरं पोट. मेळघाटात मी तो दोनदा पाहिलेला — मला शंका यायचं कारणच नव्हतं. आयुष्यभर ज्याची वाट पाहावी तो क्षण, आणि मला काय वाटलं? आनंद? नाही. वाटलं, मघाच्या गोष्टीचं आता काय करायचं.

"साधा पिंगळा आहे," मी म्हणालो. मुद्दाम शुद्ध बोललो, पाहुण्यांसाठी. "उन्हात ठिपके दिसत नाहीत."

"पण तुमीच त सांगतलं होतं ट्रेनिंगात, ठिपके नसले का..."

"सुनीता, दोन दिवस शिबिराला बसलं म्हणजे कुणी पक्षितज्ज्ञ होत नाही."

डॉक्टर हसले. त्यांची बायको हसली. मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसलो. सुनीता पुढे तोंड करून बसली, आणि पिंगळा उडून गेला.

इथवरच असतं तर त्याला हलकटपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण गेटवर परतल्यावर तिथल्या वनखात्याच्या साहेबांनी मला बाजूला घेतलं. नव्या गाईडांना शिकवायला जुन्यांपैकी एकजण नेमायचा होता. "सर, सुनीताचं नाव लावून राह्यलो. चालते ना?"

मी काय बोललो असेन? "पोरगी चांगली आहे. पण ठोकून देते."

त्यांनी दुसऱ्याला नेमलं.

आठवड्याने मी एकटाच गेलो, दुसरा गाईड घेऊन. त्याला पक्ष्यांतलं काही कळत नाही, म्हणूनच घेतला. पिंगळा त्याच सागावर होता. सहा फोटो काढले. घरी येऊन ते कॉम्प्युटरवर 'पुतणीचं लग्न' नावाच्या फोल्डरमध्ये टाकले, कुणी उघडू नये म्हणून. त्यानंतर पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली. छपाईआधी प्रत्येक ओळ मीच तपासली, आणि ते वाक्य तसंच ठेवलं. खोडायला कितीसा वेळ लागला असता?

गेल्या उन्हाळ्यात सून आली होती, तिला घेऊन गेलो. पाळीप्रमाणे गाईड आली ती सुनीता. केस थोडे पिकलेले. "बरे आहात ना जी सर?" एवढं विचारून पुढे बसली. अख्ख्या फेरीत एका पक्ष्याचं नाव तिच्या तोंडून निघालं नाही. वाघाचे माग दाखवले, अस्वलाने उकरलेलं वारूळ दाखवलं. पाणवठ्याजवळ एक शिकारी पक्षी येऊन बसला. सुनेने हौसेने विचारलं, हा कोणता?

सुनीताने मागे वळून पाहिलं. माझ्याकडे नाही, सुनेकडे. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता.

"सरायले इचारा. मले पक्ष्यायचं नाही समजत."

सून माझ्याकडे वळली. त्या क्षणी बोलता आलं असतं. गाडीत परकं कुणी नव्हतं.

"शिक्रा," मी म्हणालो. आणि त्याचे डोळे, त्याची शिकार, त्याचं घरटं — पाच मिनिटं छान समजावून सांगितलं.