कंबरेचं हाड

हाडाचा फोटो दाखवला की संगणक 'स्त्री' किंवा 'पुरुष' सांगायचा. तो प्रोग्रॅम मी स्वतः लिहिलेला! दोन हजार सालानंतरचे दिवस होते आणि मी तो दिसेल त्याला दाखवत सुटले होते. घरचे तर मला पाहिलं की 'आमची कवटी नको मोजूस' म्हणत आपापली डोकी झाकून पळायचे.

अशात भोरच्या सरकारी दवाखान्यातून हाडं तपासायला बोलावणं आलं. मार्गासनीजवळच्या ओढ्यात सांगाडा सापडला होता. लॅपटॉप उराशी धरून मी एसटीत बसले.

दवाखान्याच्या बाकावर एक बाई बसली होती. तिचा नवरा वर्षापूर्वी बेपत्ता झालेला. हाडं त्याचीच, असं गावाने ठरवून टाकलं होतं आणि दीर तिचं कुंकू पुसायला निघाले होते. "आदी तपास हुंद्या," म्हणून ती अडून बसली होती.

कवटी पार फुटलेली. संगणक म्हणाला, 'सांगता येत नाही'. माझं तोंडच उतरलं. कंबरेचं हाड हवं होतं, आणि तेच पेटीत नव्हतं.

"ते व्हय?" हाडं गोळा करून आणणारे हवालदार म्हणाले. "बैलाचं वाटलं, मॅडम. तितंच टाकलं."

अशी भडकले मी! पण जीपमध्ये त्यांच्याआधी मीच चढले. ओढ्यात बरंच धुंडाळल्यावर करवंदीच्या जाळीखाली हाड दिसलं, तेव्हा आनंदाने ओरडलेच.

परत येऊन फोटो काढला. या हाडाला एक खाच असते. बाईची बहुधा ऐसपैस, पुरुषाची अरुंद. संगणकाने खाचेच्या कडेने हिरवी रेघ ओढली आणि शब्द उमटला: 'स्त्री'. मी हाताने मोजून पाहिलं. स्त्रीच!

"ताई, हे तुमचे मालक नाहीत."

"न्हाईत?" तिने माझे दोन्ही हात धरले. हसत होती, रडत होती. "म्या सांगत हुते, कुनी ऐकंना!" हवालदारही हसायला लागले. मी तर हवेतच होते.

मग तिची नजर पेटीवर गेली. "मग ही कुनाची वं?"

पडद्यावर अजून 'स्त्री' एवढाच शब्द होता. मी लॅपटॉप मिटला.

तिने पिशवीतून कुंकवाची डबी काढली आणि पेटीच्या झाकणाला कुंकवाचं बोट टेकवलं.

"हिला बी कुनीतरी हुडकत आसंल," ती म्हणाली. "आन आमी हिला माज्या मालकाच्या नावानं जाळनार हुतो."