वाचलेल्या दलालीची कोंबडी

काल दुपारी पतपेढीत पासबुक भरायला गेलो, तर काउंटरवर हमीदाभाभींनी पातेलंच ठेवलेलं. भाभींचे यजमान मस्कतला गवंडीकाम करतात. आजवर त्यांचे पैसे दलालामार्फत यायचे आणि दर महिन्याला वाटेतच त्यांचा लचका तुटायचा. तिथल्या बँकेची आमच्या पतपेढीशी सोयरीक जुळली, आणि लचक्याची चिमूट झाली.

"हे काय, भाभी?" कॅशियरने विचारलं.

"कोंबडीचं सुकं. हे म्हणाले, दलाल खायचा तेवढ्यात महिन्याला एक कोंबडी येते, ती आपल्या चुलीवर शिजली पाहिजे. म्हटलं, पहिली तुम्हाला."

बँकांचे करार म्हणजे सह्या आणि शिक्के, असंच मी समजत आलो. त्यांना खोबऱ्याच्या वाटणाचा वास असू शकतो, हे काल कळलं.

भाभींनी मस्कतला व्हिडिओ कॉल लावून पातेल्याचं झाकण उचललं. डोक्यावर हेल्मेट घातलेले यजमान पडद्याजवळ वाकून म्हणाले, "मीठ कमी पडलंय बघ."

"इथून तिथवर चव कळते का?" भाभी फणकारल्या.

कॅशियरने एक फोड तोंडात टाकली आणि हळूच माझ्याकडे पाहिलं. मीठ खरंच कमी होतं.